पहिले भाग फुकट का द्यायचे, किती द्यायचे आणि कुठे थांबायचं: मालिका करणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

साताऱ्यात दोन खोल्यांच्या जागेत आम्ही पाच जण मिळून छोट्या मालिका करतो. आधी यूट्यूबसाठी आडव्या करायचो, आता मोबाइलसाठी उभ्याही करतो. महिन्याला दोन-तीन फोन ठरलेले असतात. "दादा, सगळंच फुकट टाकू का? की पहिले दोनच? पैसे कधी मागायचे?" व्हॉट्सॲपवर तेच तेच टाइप करून अंगठा दुखायला लागला, म्हणून इथे एकदाच लिहून ठेवतोय. नवीन काही कळलं की भर घालीन.

पहिले भाग फुकट द्यायचेच कशाला? काम चांगलं असेल तर लोक पैसे देतीलच ना?

नाही देत. नाटकाचं तिकीट काढणारा माणूस नटाचं नाव बघतो, संस्थेचं नाव बघतो, मेव्हण्याने "बघच" म्हटलेलं असतं. तुमच्या-माझ्या मालिकेत यातलं काहीच नसतं. काम चांगलं आहे हे पाहिल्याशिवाय कळत नाही आणि पैसे मात्र पाहण्याआधी मागितलेले असतात. हा तिढा सोडवायला फुकटचे भाग.

हिंदीत टीव्हीएफ या वेबमालिका करणाऱ्या कंपनीने हे मोठ्या प्रमाणावर करून दाखवलं. 'कोटा फॅक्टरी'चा पहिला सीझन 2019 मध्ये यूट्यूबवर कुणालाही बघता येत होता, दुसरा 2021 मध्ये नेटफ्लिक्सवर गेला. 'ॲस्पिरंट्स'चे पहिले पाच भाग 2021 मध्ये यूट्यूबवर आले, दुसरा सीझन 2023 मध्ये प्राइम व्हिडिओवर. म्हणजे तिथे सुरुवातीचा भागच काय, अख्खा सीझन फुकट होता. दुसऱ्या सीझनच्या वेळी "ही मालिका कसली आहे?" असं विचारणारा प्रेक्षक उरलाच नव्हता. एवढा धीर धरायला मात्र खिसा लागतो. आपल्यासारख्यांनी सीझनऐवजी भागांत हिशोब करावा.

आपल्याकडे 'गावाकडच्या गोष्टी' किंवा 'चांडाळ चौकडीच्या करामती' या मालिका यूट्यूबवर सरळ खुल्या राहिल्या. बघणाऱ्याला पात्रं आधी माहीत झाली, करणाऱ्यांची नावं नंतर. मालिकेचं गणित असंच चालतं. लोक पात्राच्या ओढीने परत येतात, कंपनीच्या नाही.

मग किती भाग फुकट द्यावेत?

भाग मोजू नका, मिनिटं मोजा. त्याहून बरं म्हणजे गोष्ट मोजा. प्रेक्षकाला तीन गोष्टी कळल्या की फुकटचा पल्ला संपतो: आपण कोणत्या पात्राच्या बाजूने आहोत, त्या पात्राला काय हवंय आणि ते मिळू न देणारं कोण आहे.

वीस-बावीस मिनिटांचे सहा भाग असतील तर हे सगळं पहिल्याच भागात यायला हवं. एक भाग फुकट ठेवा, फार तर दोन. उभ्या मालिकेत एकेक भाग मिनिट-दीड मिनिटाचा आणि एकूण भाग साठ ते शंभर. तिथे आठ-दहा भाग खुले ठेवले तरी एकूण दहा-बारा मिनिटंच होतात. दोन्हीकडचे आकडे वेगळे दिसले तरी प्रेक्षकाने दिलेला वेळ जवळपास तेवढाच.

तिन्ही गोष्टी कळायला तुमच्या मालिकेला चाळीस मिनिटं लागत असतील तर जास्त भाग फुकट देणं हा त्यावरचा उपाय नव्हे. पटकथा परत उघडा. आम्ही एकदा गावाची ओळख, एसटी स्टँड, पार, पारावरची म्हातारी असं करत पहिला भाग अख्खा "वातावरणात" घालवला होता. शूट सुंदर झालं होतं. दुसऱ्या भागाला कुणी आलं नाही.

फुकटचा शेवटचा भाग नेमका कुठे तोडायचा?

या पानावरचा खरा प्रश्न हाच आहे, म्हणून जरा सविस्तर.

आमची एक मालिका दोन बहिणी आणि थोरल्या भावाची. वडील गेलेत, जमीन आहे, भावाने हक्कसोडपत्र तयार करून आणलंय. चौथा भाग फुकटचा शेवटचा. आमच्या पहिल्या कटमध्ये धाकटी सही करायला नाही म्हणते, भाऊ तिच्या कानाखाली मारतो, आवाज घुमतो, पडदा काळा. आणि त्यावर पाटी: पुढचा भाग बघायला सदस्य व्हा.

आम्हाला वाटलं, काय जबरदस्त जागा सापडलीय! खाली पहिलीच कमेंट आली, "पोरीला मारून पैसे मागताय होय." वाईट वाटलं, पण बोलणं खरं होतं. त्याहून वाईट गोष्ट नंतर दिसली. ज्यांनी पैसे भरले तेही पाचव्या-सहाव्या भागानंतर गळाले, कारण थपडेनंतर काय होतं हे पाचव्या भागाच्या पहिल्या दहा सेकंदांत संपत होतं. लोकांनी त्या दहा सेकंदांचे पैसे भरले होते. ते मिळाले, ते गेले.

रफ कट, म्हणजे पहिली कच्ची जोडणी, पुन्हा उघडला. त्याच प्रसंगात थपडेच्या आधीचा एक तुकडा पडून होता. वहिनी चहा आणून ठेवते. भाऊ म्हणतो, "सही कर गं, चहा निवतोय." धाकटी पेन उचलते, क्षणभर थांबते, पेनाला टोपण लावते आणि कागद त्याच्याकडे सरकवते. "आधी वाचून दाखव, दादा." तो कागद हातात घेतो. वाचत नाही. थोरली बहीण खिडकीबाहेर बघत राहते. चहावर साय धरते. कॅमेरा सायीवर तीन सेकंद, आणि कट. (ती साय नीट धरावी म्हणून चहा तीनदा केला होता. तेव्हा सगळे माझ्यावर वैतागले होते.) थप्पड आम्ही सहाव्या भागात नेली.

आता बघा काय झालं. ती सही करणार का, हा त्या भागाचा प्रश्न होता, त्याचं उत्तर मिळालं: नाही केली. फुकट बघणाऱ्यालाही पोटभर काहीतरी मिळालं, कुणी तोंडातला घास काढून घेतला असं झालं नाही. पण त्या कागदात आहे काय, दादा वाचत का नाही आणि खिडकीबाहेर बघणारी थोरली कुणाच्या बाजूची, हे तीन प्रश्न उरले. त्यातला एकही दहा सेकंदांत सुटणारा नाही. तेव्हापासून आमच्याकडे नियम एकच: भागाचा प्रश्न मिटवायचा, मालिकेचा उघडा ठेवायचा.

म्हणजे क्लिफहँगर (ऐन धक्क्यावर भाग तोडणं) नकोच?

हवा. फुकट भागांच्या मध्ये हवाच, कारण तिथे पुढचा भाग एका टिचकीवर असतो आणि कुणी चिडत नाही. पहिल्या भागाच्या शेवटी दार वाजू दे, दुसऱ्याच्या शेवटी फोन येऊ दे. जिथे पाकीट काढायला लावणार, तिथे मात्र धक्का देऊ नका.

सगळेच भाग फुकट ठेवून जाहिरातीवर कमावलं तर?

जमत असेल तर उत्तमच. हिशोब मात्र आधी करा. यूट्यूबवर जाहिरातीचा वाटा सुरू व्हायला 1,000 सबस्क्राइबर आणि बारा महिन्यांत 4,000 तासांचा वॉच टाइम लागतो, किंवा 90 दिवसांत शॉर्ट्सचे 1 कोटी व्ह्यूज. त्याच्या अलीकडची पायरीही आहे. 500 सबस्क्राइबर, 90 दिवसांत तीन व्हिडिओ आणि वर्षात 3,000 तास (किंवा 90 दिवसांत शॉर्ट्सचे 30 लाख व्ह्यूज) झाले की मेंबरशिप, म्हणजे महिन्याला पैसे भरून चॅनेलचं सदस्य व्हायची सोय, सुरू करता येते. तिथे जाहिरातीचे पैसे नसतात, पण प्रेक्षकाकडून थेट पैसे घेता येतात. छोट्या मालिकेला ही पायरी जास्त कामाची, आणि बऱ्याच जणांना ती माहीतच नसते.

लांब व्हिडिओवर जाहिरातीच्या उत्पन्नातले 55 टक्के तुम्हाला मिळतात. मधली जाहिरात लावायची तर व्हिडिओ आठ मिनिटांचा किंवा मोठा हवा. म्हणून सहा मिनिटांचा भाग ओढूनताणून आठ मिनिटांचा करणारे दिसतात. कृपा करून करू नका. ओढलेली दोन मिनिटं प्रेक्षकाला बरोबर कळतात, आणि ती बहुधा पहिल्याच भागात असतात.

मेंबरशिपमध्ये कर आणि शुल्क वजा जाऊन जे उरतं, त्यातले 70 टक्के तुमचे. समजा मेंबरशिप 59 रुपयांची ठेवली. हातात चाळीसच्या आसपास किंवा त्याहून कमी पडतील. असे दोनशे सदस्य म्हणजे महिन्याला आठ हजारांच्या आत. त्यात लाइटवाला आणि जेवण एवढंच भागतं. पहिल्याच मालिकेवर घर चालेल असं कुणी सांगत असेल तर त्याचा कोर्स विकत घेऊ नका.

उभ्या मालिकांच्या जगातही हे दोन्ही पंथ आहेत. चीनमध्ये सुरुवातीला भागागणिक पैसे घेणारे जोरात होते. नंतर बाइटडान्सच्या होंगग्वो या ॲपने सगळं फुकट ठेवून जाहिरातींवर धंदा उभा केला. पण त्यामागे एवढी मोठी कंपनी आहे. आपल्यामागे कोण आहे, हे आपल्याला माहीत आहे.

पहिले भाग फुकट देण्याऐवजी "सात दिवस सगळं फुकट" असं ठेवलं तर?

आमचं मत स्पष्ट आहे: छोट्या मालिकेने ट्रायलच्या नादाला लागू नये. सात दिवसांत माणूस तुमची सगळी मालिका संपवतो आणि आठव्या दिवशी तुमच्याकडे द्यायला काही उरत नाही. हजारो तासांचा साठा असलेल्यांना ते परवडतं. नेटफ्लिक्सने 2020 च्या 5 आणि 6 डिसेंबरला भारतात दोन दिवस सगळं खुलं केलं होतं. दोन दिवसांत त्यांचं दुकान रिकामं होत नाही. गंमत म्हणजे त्याच वर्षी त्यांनी निवडक मालिकांचे फक्त पहिले भाग लॉगिनशिवाय बघायची सोयही केली होती. म्हणजे एवढ्या मोठ्यांनाही हे दोन वेगळे उपाय वाटतात.

दुसरं उदाहरण क्विबी या ॲपचं. खास मोबाइलसाठी, दहा मिनिटांच्या आतले भाग. अमेरिकेत 6 एप्रिल 2020 ला सुरू झालं, 1.75 अब्ज डॉलर उभे केलेले, मोठमोठी नावं. सुरुवातीला 90 दिवसांची ट्रायल. 1 डिसेंबरला बंद. कारणं अनेक होती, टाळेबंदीत माणसं घरात टीव्हीसमोर असणं हेही त्यातलंच एक. मला त्यातली एकच गोष्ट कायम लक्षात राहते: सुरुवातीला त्या ॲपमध्ये स्क्रीनशॉटसुद्धा घेता येत नव्हता. नव्वद दिवस फुकट दिले, पण फुकट बघणाऱ्याला एक चित्र मैत्रिणीला पाठवता येईना. फुकट भाग देतो ते त्या माणसाने चार जणांना सांगावं म्हणून. पाठवताच येत नसेल तर फुकट देऊन काय मिळवलं?

"थांबलात तर फुकट, घाई असेल तर पैसे" हा प्रकार कसा वाटतो?

मला मनापासून आवडतो. कोरियात काकाओपेजने 2014 मध्ये वेबकादंबऱ्या आणि कॉमिक्ससाठी हे सुरू केलं: ठरावीक वेळ थांबा, पुढचा भाग आपोआप उघडेल, थांबवत नसेल तर पैसे मोजा. यूट्यूबवर याचं साधं रूप करता येतं. नवा भाग मेंबरना आठवडाभर आधी, मग सगळ्यांना. कुणालाच दार बंद नाही, फक्त रांग वेगळी. ज्यांच्याकडे पैसे नाहीत ते विद्यार्थी थांबतात, आणि कमेंटमध्ये मालिकेची चर्चा तेच जिवंत ठेवतात. एक अट आहे, भाग ठरल्या दिवशी यायलाच हवा. एक आठवडा चुकला की पैसे भरलेला आणि थांबलेला असे दोघेही चिडतात.

कॉइनवाल्या ॲपला मालिका द्यावी का?

रीलशॉर्ट, ड्रामाबॉक्स, आपल्याकडे कुकू टीव्ही अशी उभ्या मालिकांची ॲप्स आता सगळ्यांच्या बोलण्यात आहेत. घडी साधारण सारखी: सुरुवातीचे थोडे भाग खुले, मग कॉइन घ्या, जाहिरात बघा किंवा वर्गणी भरा. तुम्हाला प्रेक्षक शोधावा लागत नाही, हा मोठा फायदा.

करार वाचताना आपण पैशाच्या आकड्याकडे बघतो. त्याआधी हे विचारा: फुकट भाग कुठे थांबणार हे कोण ठरवणार? ते भाग तुम्हाला तुमच्या चॅनेलवर ठेवता येतील का? ॲपने उद्या लॉक (जिथून पुढे पैसे लागतात ती जागा) आठव्यावरून पाचव्यावर आणलं तर तुमच्या पाचव्या भागाचा शेवट तिथे शोभतो का? आमची एक मालिका अशीच एकीकडे दिली होती. लॉक बदललं, आणि ते नेमकं अशा जागी आलं जिथे नायिका पाणी पीत होती. तहान लागलेल्यानेही पैसे भरले नसते. तेव्हापासून आम्ही पहिल्या दहातला प्रत्येक भाग "इथेच तोडला तर?" असा विचार करून लिहितो.

फुकट भागांवर खर्च कमी करावा का? नाहीतरी पैसे मिळत नाहीत.

उलट. हातात असलेल्या पैशातला मोठा हिस्सा पहिल्या दोन भागांवर घाला, त्यातही आवाजावर. चित्र थोडं कमी असलं तरी लोक चालवून घेतात, घुमणारा संवाद नाही. बसमध्ये, हेडफोनशिवाय, स्पीकरवर भाग लावून बघा. संवाद कळला तर पुढे जा.

मात्र पहिल्या भागात ड्रोन आणि पाचव्यापासून एकाच खोलीत सगळं, असंही करू नका. वरच्या थराला मोठे आंबे लावलेल्या पेटीला गिऱ्हाईक एकदाच फसतं.

रील्स आणि शॉर्ट्स म्हणजेच फुकट भाग नव्हेत का?

नव्हेत. रील हा दारावरचा आवाज, फुकट भाग म्हणजे ओसरी. रीलवर लाखभर व्ह्यूज आणि पहिल्या भागावर चारशे, हे दुखणं सगळ्यांचं आहे. बहुतेक वेळा कारण असं असतं की रीलमध्ये विनोद पूर्ण होतो. हसले, पुढे सरकवलं. रीलसाठी अर्धवट क्षण निवडा, ज्याचं उत्तर पहिल्या भागात आहे.

तांत्रिक बाजू पटकन सांगतो. शॉर्ट्सच्या वर्णनातल्या आणि कमेंटमधल्या लिंका ऑगस्ट 2023 पासून दाबता येत नाहीत. त्यामुळे "लिंक कमेंटमध्ये" लिहून उपयोग नाही. शॉर्ट अपलोड करताना संबंधित व्हिडिओ जोडायची सोय असते, तिथे पहिला भाग जोडा. कायम पहिलाच. काल आलेला सातवा जोडायचा मोह होतो, पण नवा माणूस सातव्यात घुसला की गोंधळतो आणि जातो. ऑक्टोबर 2024 पासून तीन मिनिटांपर्यंतचा उभा व्हिडिओ शॉर्ट म्हणून चालतो, म्हणजे उभ्या मालिकेचा अख्खा भाग शॉर्ट म्हणून टाकता येतो. आणि मार्च 2025 अखेरपासून शॉर्ट नुसतं सुरू झालं तरी व्ह्यू धरला जातो. तो आकडा बघून पेढे वाटू नका.

आकड्यांत नेमकं बघायचं काय?

एका भागावरून पुढच्या भागावर किती जण गेले, एवढंच. बाकी सगळं नंतर.

समजा पहिला भाग 10,000 जणांनी पाहिला, दुसरा 4,000, तिसरा 3,200, चौथा 2,900, आणि पैसे भरून पाचव्याला 90 आले. अशा वेळी सगळे 90 या आकड्याकडे बघून डोक्याला हात लावतात आणि किंमत कमी करायला धावतात. पण खरी गळती पहिल्या आणि दुसऱ्या भागाच्या मध्ये आहे, तिथे 6,000 माणसं गेली. ज्यांनी दुसरा पाहिला, ते पुढे बऱ्यापैकी टिकलेत. पहिल्या भागाचा शेवट सुधारून 4,000 चे 5,000 झाले आणि पुढचं प्रमाण तेच राहिलं, तर पाचव्याला 112 येतील. किमतीला हात न लावता.

यूट्यूब स्टुडिओत रिटेन्शनचा, म्हणजे कोणत्या क्षणापर्यंत किती जण टिकले याचा, आलेख बघताना पहिल्या तीस सेकंदांनंतर किती टक्के उरले ते बघा. तिथे कडा कोसळलेला दिसला तर बहुधा तुमचा लोगो फिरतोय. आमचा अकरा सेकंद फिरायचा, सनईसकट. आता भागाच्या शेवटी लावतो, तिथे कुणाला त्रास नाही.

फुकट भाग एकदम टाकावेत की आठवड्याला एक?

एकदम. पैसे मागायच्या जागेपर्यंत प्रेक्षक एका बैठकीत पोचला पाहिजे. पहिला भाग सोमवारी आणि दुसरा पुढच्या सोमवारी असेल तर मधल्या सात दिवसांत तो तुमच्या नायिकेचं नाव विसरतो. नंतरचे भाग आठवड्याने आले तरी चालतं, तोवर ओढ लागलेली असते. आणि पैसे मागण्यापूर्वी पुढचे निदान तीन भाग रेंडर होऊन तयार ठेवा. "लवकरच येत आहे" या पाटीसमोर कुणीही पाकीट काढत नाही.

सगळे भाग क्रमाने एका प्लेलिस्टमध्ये घाला, नावात भाग क्रमांक सुरुवातीलाच लिहा आणि शेवटच्या वीस सेकंदांत एंड स्क्रीनवर पुढचा भाग ठेवा. फक्त पुढचा भाग. चार व्हिडिओंची गर्दी केली की माणूस पाचवाच निवडतो, दुसऱ्या कुणाचा तरी.

पैसे मागताना काय लिहावं?

किती, कशाचे आणि कधीपर्यंत, हे साध्या मराठीत. "पुढचे आठ भाग. महिन्याला 59 रुपये. नको असेल तेव्हा बंद करा." बस. "आमच्या कष्टांना साथ द्या" लिहू नका. वर्गणी मागताय की मालिका विकताय, असा संशय येतो.

एक रुपयात ट्रायल द्यायची आणि मागून ऑटोपेने मोठी रक्कम कापायची, हा प्रकार सध्या बोकाळलाय. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे पैसे असे गेलेले मी पाहिलेत. करू नका. नीतीचं बाजूला ठेवू, पण 30 नोव्हेंबर 2023 ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या मांडणीबद्दल जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यातल्या तेरा प्रकारांत सबस्क्रिप्शनचा सापळा स्पष्ट लिहिलेला आहे. ऑटोपेची रक्कम कापण्यापूर्वी 24 तास आधी ग्राहकाला कळवावं, असा रिझर्व्ह बँकेचा दंडकही आहे. आणि "फुकट" लिहिलं असेल तर ते फुकटच असू द्या. मोबाइल नंबर मागणं हीसुद्धा किंमतच आहे.

लोक लॉकमधले भाग टेलिग्रामवर टाकतात. काय करायचं?

तक्रार करा, काढून टाकायला लावा, आणि त्यात दिवसातला अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ घालवू नका. फुकट भागांच्या बाबतीत मात्र आम्ही उलटं करतो. पहिला भाग कुणी फॅमिली ग्रुपवर टाकला तर टाकू द्यायचा, फक्त कोपऱ्यात चॅनेलचं नाव ठळक हवं.

गाणी आणि कलाकारांचं काय? फुकट भागाला परवानगी लागते का?

"आम्ही यातून कमवत नाही" हा युक्तिवाद चालत नाही. फुकट भागात कुणाचं गाणं वाजलं आणि यूट्यूबच्या कंटेंट आयडी या गाणी ओळखणाऱ्या यंत्रणेने पकडलं, तर त्या व्हिडिओचं उत्पन्न दुसऱ्याकडे जाऊ शकतं किंवा व्हिडिओच अडू शकतो, आणि अडतो तो नेमका तुमचा सगळ्यात जास्त पाहिला जाणारा. वरातीच्या प्रसंगात मागे बँजो पार्टी वाजत असेल तरी जपून.

कलाकारांकडून सुरुवातीलाच लिहून घ्या की त्यांचे तुकडे रील आणि जाहिरातीसाठी वापरले जातील. मालिका चालल्यावर हे मागायला गेलं की चहा मिळतो, सही मिळत नाही.

परदेशातल्या मराठी प्रेक्षकांसाठी वेगळं काही?

फुकट भागांना इंग्रजी सबटायटल्स नक्की द्या. न्यू जर्सीतल्या काकूंना त्यांची गरज नसते, सोबत बसलेल्या नातवाला असते, आणि नातू उठून गेला की काकूही टीव्ही बंद करतात. सबटायटल्स करणाऱ्याला बोली कळायला हवी. आमच्या एका भागात "डोकं खाऊ नको" याचं शब्दशः भाषांतर झालं होतं. ते वाचून एका मुलाने आईला विचारलं म्हणे, हे लोक कोण आहेत?

मालिका संपली की फुकट भाग काढून टाकायचे का?

मुळीच नाही. काढले की त्यांवर साठलेल्या कमेंट, पाहण्याचे तास, लोकांनी एकमेकांना पाठवलेल्या लिंका, सगळं गेलं. बहिणींची ती मालिका संपून बराच काळ झाला. परवा चौथ्या भागाखाली कुणीतरी लिहिलं, "आत्ता सुरू केली. सायीचा शॉट बघून चहा गार झाला. पुढचे किती भाग आहेत?" उत्तर लिहिलं: "अजून आठ. लिंक वर पिन केलीय."